हँडबिलात शेवया कुठं?

मंडळी, आपल्याकडं दुकान काढणं एक वेळ सोपं आहे, पण त्याचं उद्घाटन करणं महाकठीण! मशीन आणता येतं, जागा मिळते, वीजही अधूनमधून मिळते. पण उद्घाटनाच्या कागदावर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, हे ठरवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पिंपळीच्या दादासोलाही तो फुटला होता. पत्र्याच्या खोलीत शेवयांचं नवंकोरं मशीन येऊन उभं होतं आणि हा गडी उंबऱ्यात बसून कानावरची पेन्सिल काढत होता, नावं लिहीत होता, खोडत होता आणि पुन्हा लिहीत होता.

गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णवची. मशीन आणायचा हट्ट दादासोच्या बायकोचा, सुकन्याचा. बारा महिने दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. उन्हाळ्यात प्रत्येक घरात शेवया लागतात. पाटावर हातानं वळत बसायला हल्ली कुणाला वेळ नसतो. मग बायका सपीठ घेऊन येतील, आपण शेवया करून देऊ, असा तिचा सरळ हिशोब होता. माहेरी जाऊन ती मशीन चालवायला शिकून आली होती. दादासो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यानं होकार दिला, पण एक अट घातली.

"पाडव्यापतूर बघू. न्हाय चाललं, तर इंदापूरचा दत्तोबा मशीन मागतोय, त्याला देऊन टाकायचं. मग पुन्हा नाव काढायचं न्हाय!"

"आन् मी?"

"तू काय? खुरपं हायच की घरात."

मशीन गेलं तर आपलं काय होणार, हे सुकन्याला पुरतं कळलं.

दादासो मात्र हँडबिलात बुडालेला. सुकन्यानं कणीक मळता मळता विचारलं, "अवो, कागदात काय काय लिवणार?"

"ते तू मला शिकवू नगंस. समद्यांची नावं आली पायजेत. एक नाव ऱ्हायलं तर जन्माचा रुसवा!"

"नावं घाला हो, पर शेवयांचं बी लिवा."

"ते काय सांगाय लागतंय व्हय? उद्घाटनाला आल्यावर मशीन दिसंलच की!"

एवढ्यात सासूबाई, सिंधुबाई, आतून म्हणाल्या, "दादासो, माझ्या माहेरचं एक बी नाव न्हाय त्यात. काय तोंड दाखवू मी?" झालं! माहेरची सगळी नावं आली. मग चुलत्यांची आली. मग सोसायटीतल्या लोकांची आली, कारण चुलत्यांची घातली आणि त्यांची नाही घातली तर ते काय म्हणतील?

पण खरी गंमत पुढंच आहे. हँडबिल कसं असतं, हे दादासोला ठाऊक नव्हतं. त्यानं धाकट्या भावाच्या, मानसिंगच्या, लग्नाची पत्रिका उचलली, एसटीनं बारामती गाठली आणि बादशाहभाईंच्या छापखान्यात ती टेबलावर ठेवली. म्हणाला, "भाई, अगदी असंच छापा. फकस्त नवरा-नवरीच्या जागी आमच्या दुकानाचं नाव टाका."

बादशाहभाईंनी गिऱ्हाइकाच्या शब्दाबाहेर न जाता छापलं. आणि काय छापलं म्हणता! वर 'श्री खंडोबा प्रसन्न'. त्याखाली 'जय मल्हार गृहउद्योग, भव्य उद्घाटन समारंभ'. मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, मार्गदर्शक, आधारस्तंभ, निमंत्रक, आपले नम्र, स्नेहांकित, आणि 'समस्त मित्रमंडळ'. एका कोपऱ्यात, 'आमच्या काकांच्या उद्घाटनाला यायचं हं!' आणि त्याखाली घरातली झाडून सगळी पोरंटोरं. अगदी तळाला, 'स्थळ : राहते घरी.'

कुणाचं राहतं घर? देव जाणे!

हँडबिलं वाटली तीही कुठं? चहाच्या हॉटेलात, पानाच्या टपरीवर आणि बाजारात बैल बघायला आलेल्यांच्या हातात. शिवाय मुजफ्फरची रिक्षा, वर भोंगा लावून, गावातनं फिरवली. सुकन्या दारात उभी राहून कान देऊन ऐकत होती. "यांच्या शुभहस्ते... यांच्या अध्यक्षतेखाली... यांच्या प्रमुख उपस्थितीत..." असं म्हणत म्हणत रिक्षा वळणाआड गेली सुद्धा! शेवयांचा 'शे' काही तिच्या कानावर आला नाही.

उद्घाटन मात्र झोकात झालं. हार झाले, नारळ झाले, भाषणं झाली. एक पाहुणे तर लघुउद्योगांवर इतकं बोलले की मंडपातली माणसं उन्हानं सरकत सरकत मशीनच्या खोलीत येऊन बसली आणि मशीनवर टॉवेल वाळत घातले. पेढे खाऊन सगळे गेले. सुकन्या दुसऱ्या दिवशी पहाटेच उठली, मशीन पुसलं, शेवया वाळत घालायच्या काठ्या अंगणात बांधल्या आणि वाट बघत बसली.

कुणी आलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, अंगणातल्या काठ्यांवर चिमण्या बसायला लागल्या. एक माणूस आला, तर तो विचारतो, "हितं पिठाची चक्की निघाली म्हनं?" दुसरा आला तो लोणच्याच्या बरण्या शोधत. सुकन्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

"अवो, बायका का येत न्हाईत?"

दादासोनं खूप विचार केला. डोकं खाजवलं. आणि शेवटी त्याला कारण सापडलं! म्हणाला, "म्हस्कूआबा रुसलेत."

म्हस्कूआबा म्हणजे दादासोचे चुलते. भावकीत त्यांचा शब्द मोठा आणि राग त्याहून मोठा. हँडबिलात त्यांचं नाव 'मार्गदर्शक' म्हणून होतं, पण ते सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खाली छापलं गेलं होतं. तेव्हापासून आबा या आळीला फिरकले नव्हते.

"आबा रुसले म्हणून बायका येत न्हाईत?" सुकन्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"तुला न्हाय कळायचं. आबा बोलले की निम्मं गाव हलतंय. मी असं करतो, नवीन हँडबिलं छापतो आन् आबांचं नाव एकदम वर टाकतो. ठळक!"

काय म्हणावं या माणसाला? मंडळी, रोग एक, औषध भलतंच, आणि तेही दुप्पट! सुकन्यानं मात्र या खेपेला पदर खोचला. म्हणाली, "मी बी येते संगं." दादासोनं कुरकुर केली, पण ती आधी जाऊन एसटी स्टँडवर उभी राहिली.

बादशाहभाईंचा छापखाना पुढं आणि घर मागं. रमजानचा महिना चालू होता. भाईंची बायको, बानूभाभी, छापखान्याच्या दारातच कागदाच्या घड्या घालत बसलेली. बोलायला सडेतोड, पण मनानं मायाळू बाई. तिनं दोघांना पाणी दिलं, चहा टाकला. "तुमी घ्या, मला रोजा हाय," म्हणाली आणि पुन्हा नवऱ्याशी चाललेलं भांडण पुढं चालू केलं.

"ईद तोंडावर आली. सोलापूरच्या बहिणीनं शेवया धाडल्या, त्याचा निस्ता भुगा झालाय वाटंत. आता शीरखुर्मा काय भुग्याचा करू? सांगा की!"

"मी काय सांगू? मी शेवया करतो का?" बादशाहभाई यंत्रामागून म्हणाले.

सुकन्याच्या हातातला कप तसाच राहिला. "भाभी, आमच्याकडं करून मिळत्यात की शेवया!"

"तुमच्याकडं? कुठं?"

"पिंपळीला! हितनं हाकेच्या अंतरावर. मशीन हाय आमचं. भाईंनीच न्हाय का हँडबिलं छापली?"

बानूभाभीनं नवऱ्याकडं पाहिलं. बादशाहभाईंचे हात यंत्रावर थांबले. ते चष्मा कपाळावर चढवून पुढं आले. "तुमचं दुकान शेवयांचं हाय?"

"मग कशाचं?" दादासो म्हणाला.

"अल्ला! अरे, मला वाटलं पापड-मसाल्याचं कायतरी असंल. अक्षरन् अक्षर ह्या हातांनी जुळवलं मी, दादासो, दोनदा तपासलं. कुठल्या नावाला काना चुकला न्हाय, मात्रा चुकली न्हाय. पर धंदा कशाचा हाय, हे मलाच कळलं न्हाय!"

बानूभाभीनं रद्दीच्या ढिगातून एक जुनं हँडबिल ओढून काढलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. अध्यक्षांपासून सुरुवात केली ती 'यायचं हं!' पर्यंत पोचेस्तोवर तिलाच दम लागला. मग तिनं कागद दादासोपुढं धरला.

"दाखवा भाऊ. ह्यात शेवया कुठं हायत?"

दादासोनं कागद घेतला. वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. नसलेल्या शेवया सापडणार कुठून?

"आवो, मी हितं बारामतीत शेवयांसाठी जीव टाकतीय, तुमची बायको तितं गिऱ्हाइकासाठी जीव टाकतीय, आन् मधी तुमचा हा कागद! ह्याच घरात छापला आन् ह्या घराला बी कळलं न्हाय. मग पिंपळीला, शेळगावला काय कळणार, कप्पाळ!"

दादासो जरा चिडला. "भाभी, माणसांचा मान राखाय नगं का? चार लोकांत ऱ्हायचंय आमाला."

"राखा की मान! कोण नगं म्हणतंय? मान राखायचा तर घरी जेवाय बोलवा, फेटा बांधा, पाया पडा. पर हा कागद काय मानासाठी हाय? हा गिऱ्हाइकासाठी हाय. बाई कागद हातात घेऊन काय बघणार? काय मिळंल, कुठं मिळंल, काय घिऊन यायचं आन् कवा मिळंल. तिला तुमच्या आधारस्तंभाचं काय करायचंय? त्याची खीर करायची का?"

बादशाहभाईंना हसू आवरेना. भाभी मात्र थांबायला तयार नव्हती.

"आन् कागद वाटला कुणाला?"

"हॉटेलात, बाजारात..."

"म्हंजी बाप्यांना! शेवया कोण करतंय? बाई. पीठ कोण चाळतंय? बाई. उन्हात वाळवतंय कोण? बाई. आन् कागद गेला बाप्याच्या हातात, त्यानं त्याच्यात भजी खाल्ली आन् हात पुसून टाकून दिला. शाब्बास!"

तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली सुकन्या बोलली.

"भाभी, एवढी नावं हायत त्यात. पोरांची हायत, सासूबाईंच्या माहेरची हायत. ज्यांनी मशीनवर टॉवेल वाळत घातले त्यांची बी हायत. मशीन चालवणार मी. माझं नाव न्हाय."

दादासोनं बायकोकडं पाहिलं. तिनं याआधी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं! त्यानं सगळ्या गावाचा रुसवा मोजला होता. घरातल्या बाईला रुसायचा हक्क आहे, हे तो विसरलाच होता.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. मग भाईंना म्हणाला, "भाई, नवीन छापा. खाली लिवा, सौ. सुकन्या."

"खाली न्हाय, वर," बानूभाभी म्हणाली. "मान म्हणून न्हाय हो, धंदा म्हणून सांगतीय. 'दादासोंना भेटा' म्हटल्यावर कोण बाई डबा घिऊन यायची? बाईचं नाव वाचलं की बाई बिनघोर येती."

दादासोनं एकदा बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "वर छापा."

नवं हँडबिल तळहाताएवढं झालं. 'सुकन्याताईंकडे मशीनवर शेवया करून मिळतील. सपीठ घेऊन सकाळी या, वाळलेल्या शेवया संध्याकाळी घेऊन जा. पिंपळी, मारुतीच्या देवळामागं, पत्र्याची खोली.' बस्स. एवढंच!

त्याच रात्री भाभीच्या सपिठाच्या शेवया करायच्या म्हणून सुकन्यानं पीठ बरोबर नेलं आणि दुसऱ्या दिवशी दादासोनं एसटीनं शेवयांचा पुडा पोचता केला. लांब, मोकळ्या, एकसारख्या शेवया. भाभीनं त्या आळीभर दाखवल्या, आणि प्रत्येक घरी एक कागद दिला. इंदापूरच्या नणंदेकडंही धाडला. सुकन्यानं पाणवठा धरला, गिरणीपुढची रांग धरली. शेळगावच्या बाजारात ती बांगड्यांच्या दुकानाशी उभी राहिली. वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये तर दारोदार फिरली. हातात चिमूटभर शेवया, त्याबरोबर कागद. "हात लावून बघा ताई, मोडत न्हाईत."

आणि दादासोची खरी परीक्षा घरी वाट बघत होती. म्हस्कूआबा तो इवलासा कागद घेऊन तरातरा आले.

"दाद्या! माझं नाव वर घालणार, असं कानावर आलं व्हतं! हितं वर बी न्हाय आन् खाली बी न्हाय! आन् बायकोचं नाव छापतोस? भावकीनं तोंड कुठं लपवायचं?"

दादासोचा हात आपसूक कानावरच्या पेन्सिलीकडं गेला. जुनी सवय अशी एका दिवसात जाते होय! पण मशीनच्या खोलीतून सुकन्या बघत होती. त्यानं हात खाली घेतला.

"आबा, तुमी वडीलधारे. तुमच्या पाया पडतो. पर तुमचं नाव वाचून कोण बाई शेवया करून न्यायला यील, तेवढं सांगा. तुमाला येत्यात का शेवया?"

"मला?"

"मला बी न्हाय येत. म्हणून माझं बी नाव न्हाय."

आबा "काय दिवस आलेत!" म्हणत निघून गेले. गाव मात्र निम्मंही हललं नाही!

आणि बायका आल्या. आधी पलीकडच्या गल्लीतल्या भामाबाई आल्या. डबा खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, शेवयांचं मशीन हाय व्हय हे? मी उद्घाटनाला येऊन पेढा खाऊन गेले की! मला वाटलं, ह्यांनी कुठल्या इलेक्शनचं हापिस काढलं." सुकन्याला हसावं की रडावं कळेना. मग शेळगावच्या आल्या, बारामतीच्या आल्या. वालचंदनगरच्या बायका तर जीप करून आल्या.

त्या साली पाडवा आणि ईद अगदी लागून आले होते. पाडव्याच्या सकाळी दारात गुढी उभी होती आणि अंगणातल्या काठ्यांवर शेवया डुलत होत्या. कुणाच्या ईदच्या, कुणाच्या वर्षभराच्या. डब्यांची रांग पार देवळापर्यंत गेलेली. कुणाचा डबा कुठला, यावरून रोज कालवा होई, म्हणून दादासो उंबऱ्यात बसून चिठ्ठ्या चिकटवत होता. भामाबाई. चंद्राबाई, वरची आळी. शबीना, बारामती.

तेवढ्यात इंदापूरचा दत्तोबा टेम्पो घेऊन हजर! पाडव्याच्या मुहूर्तावर मशीन न्यायला.

"चला दादासो, उचलू या."

खोलीत सुकन्याचे हात थांबले. मोटारही थांबली. दादासो उठला, त्यानं टेम्पोकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं.

"दत्तोबा, मशीन न्हाय मिळायचं."

"आरं पर शब्द दिला व्हतास मला!"

"दिला व्हता. मशीन चाललं न्हाय तर, असा दिला व्हता. हितं उभं ऱ्हाऊन ऐक की, चालतंय का न्हाय ते!" खोलीत मोटार पुन्हा घरघरायला लागली होती. "आन् माझ्याशी बोलून उपेग न्हाय आता. मालकीणबाई आत हायत. शेवया पायजेत तर घरनं सपीठ आन् वयनींना घिऊन ये. नाव सांग, चिठ्ठी लावतो."

बायका खळखळून हसल्या. दत्तोबानं रिकामा टेम्पो वळवला. सुकन्यानं पदरानं डोळे पुसले आणि "पुढचा डबा द्या!" म्हणून हाक मारली.

वाचकहो, आता तुम्ही म्हणाल, एका कागदाची ती काय गोष्ट! पण जरा आपापल्या गावात चक्कर मारून या. पाट्या बघा, पत्रकं बघा, भोंगे ऐका. मार्गदर्शक आहेत, आधारस्तंभ आहेत, शुभेच्छुक तर ढिगानं आहेत. दुकानात मिळतं काय आणि ते कष्टानं करतं कोण, एवढंच तेवढं शोधून सापडत नाही! अहो, बड्या माणसांच्या नावानं आपला धंदा मोठा होत नाही. जाहिरात ही गिऱ्हाइकाला द्यायची खबर आहे, भावकीला वाटायचा मान नव्हे. आपण काय करतो ते साध्या शब्दांत सांगा, ज्याला हवंय त्याच्याच हातात कागद द्या, आणि ज्या हातांनी काम होतं त्या हातांचं नाव छापायला लाजू नका. त्यानं एखादा आबा रुसेल. खुशाल रुसू द्या! आबांचा रुसवा आज ना उद्या जाईल, पण चुकीच्या कागदापायी बंद पडलेलं दुकान काही पुन्हा उघडत नाही.